लोटसचे कॉलिन चॅपमन : वेग, वजन आणि एक अपुरा हिशेब

१६ डिसेंबर १९८२. इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातील स्नेटरटनच्या शर्यतपथावर लोटसचे तंत्रज्ञ एका नव्या गाडीच्या चाचणीसाठी जमले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती त्या काळातील इतर कोणत्याही फॉर्म्युला वन गाडीसारखीच वाटली असती. फरक होता तो चाकांपाशी. तिथे नेहमीच्या स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे होते आणि ते कधी, किती हलवायचे हे एक संगणक ठरवत होता. रस्त्याचा धक्का बसल्यावर तो नुसता सोसायचा, ही सस्पेन्शनची शंभर वर्षांची रीत मोडून गाडीने स्वतःच धक्क्याला उत्तर द्यावे, असा तो प्रयोग होता. ज्या माणसाच्या आग्रहातून ही गाडी उभी राहिली, तो मात्र तिथे नव्हता. त्याच दिवशी पहाटे ईस्ट कार्लटन येथील राहत्या घरी कॉलिन चॅपमन यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले होते. वय अवघे ५४.

आज महागड्या वेगवान गाड्यांच्या जाहिरातींत चुंबकीय सस्पेन्शनचा उल्लेख हमखास असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात रस्त्याचा अंदाज घेऊन मऊ किंवा कडक होणाऱ्या या यंत्रणेचा जनक म्हणून चॅपमन यांचे नाव घेणे चूक ठरेल. चुंबकीय द्रवाशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण ज्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, तो प्रश्न त्यांनी आयुष्यभर उराशी बाळगला होता आणि त्याची किंमत त्यांच्याहून अधिक त्यांच्या चालकांनी मोजली.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. वडील उत्तर लंडनमधील हॉर्नसे भागात रेल्वे हॉटेल नावाची खाणावळवजा मद्यशाळा चालवीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कॉलिन यांनी स्थापत्यशास्त्राचे, म्हणजे पूल आणि इमारतींचे सांगाडे कसे उभे राहतात याचे शिक्षण घेतले. तिथल्याच हवाई पथकात ते विमान चालवायला शिकले. हे दोन्ही धडे पुढे गाड्यांत उतरले. पूल बांधणारा अभियंता प्रत्येक कांबीला विचारतो, तू नेमका किती भार उचलतेस? विमान बांधणारा त्याहून पुढे जातो आणि जी कांबी भार उचलत नाही ती काढूनच टाकतो. चॅपमन यांनी गाडीकडे नेहमी या दुसऱ्या नजरेने पाहिले.

शिकत असतानाच ते एका मित्राबरोबर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करीत. १९४७ मध्ये सरकारने खासगी वापरासाठीचा पेट्रोलचा कोटा बंद केला आणि जुन्या गाड्यांचे भाव कोसळले. त्या व्यवहारातून हाती उरली ती एक न खपलेली ऑस्टिन सेव्हन. मसवेल हिल येथे हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये त्यांनी ती सुटी केली आणि १९४८ मध्ये नव्याने उभारली. तिला नाव दिले लोटस. हे नाव कुठून आले याच्या अनेक कथा आहेत. हेझल यांना ते लाडाने कमळाचे फूल म्हणत, ही त्यातली सर्वांत लोकप्रिय. स्वतः चॅपमन यांनी खुलासा कधी केला नाही. १९५२ च्या आरंभी लोटस इंजिनीअरिंग स्थापन झाली ती हेझल यांनी उसन्या दिलेल्या २५ पौंडांच्या भांडवलावर, वडिलांच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात. १९५४ मध्ये दोघांचा विवाह झाला. लोटसच्या हिरव्या-पिवळ्या बोधचिन्हात आजही चॅपमन यांच्या नावाची चार आद्याक्षरे गुंफलेली दिसतात.

सुरुवातीच्या लोटस गाड्या सुट्या भागांच्या संचात विकल्या जात. कारण तयार गाडीवर कर होता, सुट्या भागांवर नव्हता. नियमानुसार संचासोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. तेव्हा चॅपमन यांनी गाडी कशी सुटी करावी याच्या सूचना छापल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट वाचाव्यात असे सुचवले, अशी एक गोष्ट सांगितली जाते. गोष्ट खरी असो वा रचलेली, माणूस तिच्यात नेमका सापडतो. नियमाचे पुस्तक ते वकिलाच्या डोळ्यांनी वाचत. त्यात जे लिहिलेले नाही, ते करण्याची मोकळीक आहे असे ते धरून चालत. शर्यतीच्या मैदानात या वृत्तीने त्यांना मोठे केले. मैदानाबाहेर तिने काय केले, ते पुढे येईलच.

सस्पेन्शनचा मूळ पेच समजून घेतल्याशिवाय चॅपमन यांचे काम समजत नाही. स्प्रिंग मऊ ठेवली, तर चाक रस्त्याच्या चढउताराबरोबर खालीवर होते, टायर जमीन सोडत नाही, आतल्या माणसाची हाडेही शाबूत राहतात. पण वळणावर गाडी कलते, ब्रेक दाबताच नाक खाली घालते. स्प्रिंग कडक केली, तर गाडी वळणावर ताठ राहते, मात्र खडबडीत रस्त्यावर टायर उड्या मारतो. हवेत असलेला टायर ना वळवू शकत, ना थांबवू शकत. प्रत्येक गाडी म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड. बहुतेक कारखाने शर्यतीसाठी कडक स्प्रिंगांकडे झुकत. चॅपमन यांचा कल उलट होता. गाडी हलकी केली आणि तिचा सांगाडा न पिळवटणारा असला, तर स्प्रिंग मऊ ठेवूनही ती वळणावर चाकांना नेमक्या कोनात धरून ठेवते, हे त्यांनी ताडले होते. सांगाडाच वाकत असेल, तर सस्पेन्शनची सगळी भूमिती कागदावर राहते.

१९५६ मध्ये व्हॅनवॉल संघाने गाडीचा सांगाडा आणि मागचे सस्पेन्शन सुधारण्याचे काम या तिशीही न गाठलेल्या तरुणाकडे सोपवले. त्याच वर्षी फ्रान्सच्या रीम्स येथे त्यांना स्वतः गाडी चालवण्याचीही संधी मिळाली. पण सरावातच त्यांची गाडी सहकारी माइक हॉथॉर्न यांच्या गाडीवर आदळली आणि चालक म्हणून त्यांची फॉर्म्युला वन कारकीर्द शर्यतीआधीच आटोपली. १९५८ मध्ये उत्पादकांचे पहिलेवहिले जागतिक विजेतेपद व्हॅनवॉलने पटकावले.

त्यानंतरची वीस वर्षे म्हणजे एकामागून एक नव्या कल्पनांची रांग आहे. १९५७ ची एलिट ही काचतंतूंच्या अखंड कवचावर उभी असलेली रस्त्यावरची गाडी. १९६२ ची लोटस २५ ही फॉर्म्युला वनमधली अखंड कवचाची पहिली यशस्वी गाडी. नळ्यांच्या जाळीऐवजी पत्र्याची पोकळ पेटी, तिच्यात चालक जवळजवळ आडवा पहुडलेला. स्कॉटलंडच्या जिम क्लार्क यांनी या गाडीवर १९६३ चे विश्वविजेतेपद जिंकले. १९६५ मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी लोटस ३८ घेऊन अमेरिकेतील इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही मारली. पुढे इंजिन असलेल्या जुन्या अमेरिकी गाड्यांचे दिवस तिथे भरले. १९६७ ची लोटस ४९ तर इंजिनालाच सांगाड्याचा भाग बनवून आली. मागचे सस्पेन्शन थेट इंजिनाला जोडलेले. नेदरलँड्समधील झांडव्होर्टच्या पहिल्याच शर्यतीत ती जिंकली. लोटसच्या खात्यावर चॅपमन यांच्या हयातीत उत्पादकांची सात आणि चालकांची सहा विश्वविजेतेपदे जमा झाली. गाडी जिंकली की धावपट्टीच्या कडेला उभे असलेले चॅपमन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावत. ते दृश्य त्या काळातील शर्यतींची खूण होऊन बसले.

पण याच वर्षांची दुसरी यादीही आहे. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे एकाच आठवडाअखेरीस लोटस गाड्यांतील तीन चालकांना अपघात झाले. स्टर्लिंग मॉस यांच्या गाडीचे चाक निखळले आणि ते जबर जखमी झाले. माइक टेलर यांच्या गाडीचे स्टीअरिंग तुटले. त्यांनी पुढे लोटसविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. शर्यतीत अॅलन स्टेसी यांच्या चेहऱ्यावर पक्षी आदळला आणि ते मरण पावले. यातला शेवटचा अपघात दैवाचा म्हणता येईल. पहिले दोन तसे म्हणता येत नाहीत. वजन कमी करण्याचा ध्यास जिथे भागाच्या मजबुतीपर्यंत पोहोचतो, ती सीमा चॅपमन फार बारीक आखत, असे त्यांच्याबरोबर काम केलेल्या अनेकांचे मत होते.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टूच्या एका तुलनेने गौण शर्यतीत जिम क्लार्क यांची लोटस झाडांवर आदळली. चॅपमन आणि क्लार्क यांचे नाते मालक आणि चालक एवढेच नव्हते; गाडी कशी वागते हे क्लार्क यांनी सांगावे आणि चॅपमन यांनी ऐकावे, अशी ती जोडी होती. बरोबर एक महिन्याने, ७ मे रोजी, इंडियानापोलिसच्या सरावात लोटसच्या टर्बाइन गाडीत माइक स्पेन्स यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ग्रॅहम हिल यांनी लोटसला विश्वविजेतेपद मिळवून दिले, आणि त्याच वर्षी कंपनीचे समभाग लंडनच्या बाजारात आले. चॅपमन श्रीमंत झाले.

१९६९ मध्ये बार्सिलोनात उंच खांबांवर उभारलेले मागचे पंख मोडून हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या गाड्या एकाच शर्यतीत आदळल्या. रिंट यांनी त्यानंतर चॅपमन यांना पत्र लिहून गाड्या अधिक मजबूत करण्याची विनंती केली होती. पुढच्या वर्षी ते पाचरीच्या आकाराची लोटस ७२ चालवीत होते. त्या गाडीचे पुढचे ब्रेक चाकांत नव्हते, गाडीच्या आत होते. चाकाजवळचे वजन घटले की सस्पेन्शनला चाक आवरणे सोपे जाते, हा त्यामागचा शास्त्रशुद्ध विचार. पण त्यासाठी ब्रेक आणि चाक यांना जोडणारा दांडा आला. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथील सरावात ब्रेक लावताना रिंट यांची गाडी कठड्यावर गेली. असाच एक दांडा तुटल्याचे निष्पन्न झाले. उरलेल्या शर्यतींत त्यांचे गुण कुणालाच ओलांडता आले नाहीत आणि फॉर्म्युला वनच्या इतिहासात मरणोत्तर विश्वविजेता ठरलेले ते एकमेव चालक झाले. चॅपमन यांच्यावर लिहिताना लोटस ७२ ची महती सांगून हा दांडा एका ओळीत उरकण्याची पद्धत आहे. ती न्याय्य वाटत नाही.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चॅपमन यांना हवेचा नवा उपयोग सापडला. गाडीच्या बुडाला उलट्या पंखाचा आकार दिला आणि बाजूंना जमिनीपर्यंत झालर लावली, तर खालून धावणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढून धरते. वजन न वाढवता टायरवरचा दाब वाढतो. लोटस ७८ आणि ७९ या गाड्यांनी बाकीच्या संघांना कोड्यात टाकले. १९७८ मध्ये मारिओ आन्द्रेत्ती विश्वविजेते झाले. त्याच मोसमात मोंझाच्या अपघातानंतर त्यांचे सहकारी रॉनी पीटरसन रुग्णालयात मरण पावले.

हा शोध चॅपमन यांना थेट त्यांच्या जुन्या पेचाकडे घेऊन आला. बुडाखालची ओढ टिकवायची, तर गाडीची जमिनीपासूनची उंची बदलता कामा नये. उंची बदलू द्यायची नाही, तर स्प्रिंगा दगडासारख्या कडक हव्यात. १९७९ च्या लोटस ८० मध्ये ओढ इतकी वाढली, की गाडी वेगात खालीवर डुलू लागली: ओढीने खाली जाई, ओढ तुटली की वर उसळे, पुन्हा खाली. जी मऊ स्प्रिंग चॅपमन यांची खासियत होती, ती त्यांच्याच शोधाने बाद केली.

यावर त्यांनी काढलेला तोडगा विलक्षण होता. लोटस ८८ मध्ये एकात एक असे दोन सांगाडे होते. बाहेरचा सांगाडा हवेचा दाब घेऊन तो थेट चाकांकडे पोहोचवी. आतल्या सांगाड्यात चालक आणि इंजिन मऊ स्प्रिंगांवर निवांत. दोन भांडणाऱ्या गरजांना दोन वेगळी घरे दिली, इतका साधा विचार. १९८१ मध्ये प्रतिस्पर्धी संघांनी आक्षेप घेतले. गाडी अमेरिकेत, ब्राझीलमध्ये, अर्जेंटिनात नाकारली गेली, आणि सुधारलेली आवृत्ती ब्रिटनमधल्या शर्यतीतही शेवटी बाद झाली. चॅपमन इतके उद्विग्न झाले, की इमोलाच्या शर्यतीला त्यांनी संघच पाठवला नाही. नियमातल्या मोकळ्या जागा शोधणाऱ्या माणसाला या वेळी नियमच आडवा आला होता.

मग उरला तो संगणक. पीटर राइट या सहकाऱ्याच्या पुढाकाराने लोटसमध्ये सक्रिय सस्पेन्शनचे काम सुरू झाले; आधी एका एस्प्रिट गाडीवर, मग शर्यतीच्या गाडीवर. चाकावरचा भार, त्याची हालचाल आणि गाडीचा वेगबदल मोजणारे संवेदक, इंजिनावर चालणारा तेलाचा पंप, झटपट उघडझाप करणाऱ्या झडपा आणि प्रत्येक चाकाचा दट्ट्या. खड्डा आला की चाक वर उचलायचे, वळण आले की बाहेरची बाजू ताठ धरायची, उंची कायम राखायची. एकच गाडी एका क्षणी मऊ, दुसऱ्या क्षणी कडक. हीच गाडी त्या डिसेंबरात स्नेटरटनला आली होती.

त्याच सुमारास दुसरीकडे एक वेगळाच हिशेब उघड होत होता. अमेरिकी उद्योजक जॉन डिलोरिअन यांनी ब्रिटिश सरकारच्या पैशावर बेलफास्टजवळ पोलादी अंगाच्या मोटारींचा कारखाना काढला होता. बेकारी आणि हिंसाचाराने होरपळलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये रोजगार यावा म्हणून सरकारने त्यात ७ कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतली. गाडीच्या अभियांत्रिकीचे काम १९७८ मध्ये लोटसला मिळाले. त्यासाठीचे सुमारे पावणेदोन कोटी डॉलर मात्र लोटसकडे सरळ न येता पनामात नोंदलेल्या आणि जीनिव्हातून चालणाऱ्या जीपीडी नावाच्या कंपनीत गेले आणि तिथून नाहीसे झाले. फेब्रुवारी १९८२ मध्ये डिलोरिअन कंपनी अवसायनात निघाली, कामगार रस्त्यावर आले आणि तपासनीस कागद चाळू लागले. चॅपमन यांच्यावर खटला कधीच चालला नाही; तो चालण्याआधीच ते गेले. लोटसचा आर्थिक कारभार पाहणारे फ्रेड बुशेल यांनी मात्र पुढे गुन्हा कबूल केला. १९९२ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी असे मत नोंदवले, की चॅपमन जिवंत असते तर त्यांना किमान दहा वर्षांचा तुरुंगवास झाला असता. चॅपमन मेलेच नाहीत, ते परदेशात पसार झाले, अशा वावड्या उठल्या त्या याच प्रकरणामुळे. त्यांत तथ्य नव्हते. पण बेलफास्टच्या कामगारांच्या वाट्याचा पैसा कुठे गेला, हा प्रश्न वावडी नव्हता.

शेवटच्या वर्षातला एक प्रसंग इथे नोंदवायला हवा. ऑगस्ट १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या शर्यतीत लोटसचे एलिओ दी अँजेलिस यांनी केके रोझबर्ग यांना सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने मागे टाकले. चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतरचा हा विजय. चॅपमन यांची टोपी हवेत उडालेली दिसली ती शेवटची.

सक्रिय सस्पेन्शनची लोटस ९२ घेऊन नायजेल मॅन्सेल १९८३ च्या मोसमात उतरले. दोन शर्यतींनंतर गाडीला साध्या स्प्रिंगा परत बसवाव्या लागल्या. यंत्रणा जड होती, इंजिनाची शक्ती खात होती आणि त्या काळचा संगणक अपुरा होता. चार वर्षांनी, ३१ मे १९८७ रोजी, मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर आयर्टन सेना यांनी लोटस ९९टी गाडीतून सक्रिय सस्पेन्शनला पहिला विजय मिळवून दिला. ते तंत्र खऱ्या अर्थाने पिकले ते विल्यम्स संघाच्या हाती. १९९२ मध्ये त्यांच्या गाडीने शर्यती एकतर्फी करून टाकल्या आणि विश्वविजेते झाले तेच मॅन्सेल, ज्यांनी लोटस ९२ मध्ये धक्के खाल्ले होते. बुशेल यांना शिक्षा झाली तेही हेच वर्ष. १९९४ पासून फॉर्म्युला वनमध्ये या यंत्रणेवर बंदी आली.

रस्त्यावरच्या गाड्यांची कथा वेगळ्या वाटेने गेली. १९८६ मध्ये जनरल मोटर्सने लोटस विकत घेतली आणि कॉर्व्हेट गाडीवर सक्रिय सस्पेन्शनचे प्रयोग केले. पण तेलाचे पंप, झडपा आणि त्यांना लागणारी शक्ती यांचा खर्च विक्रीच्या गाडीला परवडणारा नव्हता. उत्तर मिळाले ते जुन्या एका शोधात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील जेकब रॅबिनो यांनी तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळून चुंबकाच्या साह्याने घट्ट होणारा द्रव तयार केला होता. हाच द्रव शॉक अॅब्सॉर्बरमध्ये भरायचा आणि दट्ट्यात तारेचे वेटोळे बसवायचे. वीज सोडली की कणांच्या साखळ्या बनतात, द्रव दाटतो आणि शॉक अॅब्सॉर्बर कडक होतो. वीज थांबली की तो पुन्हा वाहू लागतो. ही यंत्रणा चाक उचलत नाही, फक्त त्याच्या हालचालीला होणारा विरोध बदलते. म्हणून तिला सक्रिय न म्हणता अर्धसक्रिय म्हणतात. झडपा नाहीत, मोठा पंप नाही, वजन किरकोळ. डेल्फाय कंपनीने मॅग्नराइड या नावाने ती विकसित केली. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आणि लगोलग कॉर्व्हेटमध्ये ती आली. २००६ मध्ये फेरारीने ५९९ मध्ये चुंबकीय शॉक अॅब्सॉर्बर बसवले, ऑडीनेही तीच वाट धरली.

लोटसचा शर्यत संघ १९९४ च्या मोसमानंतर बंद पडला. कंपनीचे मालक अनेकदा बदलले. २०१७ पासून ती चीनच्या गीली समूहाकडे आहे. हेथेलच्या जुन्या हवाई तळावर मात्र चॅपमन यांचे पुत्र क्लाइव्ह यांच्या देखरेखीखाली जुन्या शर्यतीच्या गाड्या अजून दुरुस्त केल्या जातात आणि चालवल्याही जातात.